दंडावरचा मुका पट्टा

नणंद-भावजयीचं घरी विळ्या-भोपळ्याचं सख्य. कारखान्यात मात्र जोडी. रसायनांच्या रिकाम्या टाक्यांत उतरून तळाचा गाळ खरवडायचं दोघींचं काम. अंगावर डोक्यापासून पायापर्यंत जाड पोशाख, तोंडावर मुखवटा. बाहेरची वाफ आत येत नसे, तशी आतली उष्णताही बाहेर पडत नसे. बाकीच्या बायका म्हणायच्या, या दोघींना एकमेकींचं तोंड बघायला नको म्हणूनच हे काम मानवलंय.

त्या उन्हाळ्यात कंपनीने दंडाला बांधायचे पट्टे आणले. अंग तापलं, नाडी फार पळायला लागली की पट्टा इशारा देतो, असं इंजिनिअरने समजावलं. नणंद म्हणाली, नवऱ्याने जन्मात माझी नाडी पाहिली नाही, हा तरी पाहील. भावजयीला हसू आलं, पण वन्संच्या विनोदाला हसायचं नाही हा तिचा नेम होता.

एका दुपारी टाकीत नणंद शिडीला टेकून उभी राहिली. "वन्सं, सगळा गाळ काय मीच काढू?" भावजय म्हणाली. नणंदेने उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा ती खरवडणं टाकून तिच्याकडे वळली. नणंद काहीतरी बरळली आणि शिडीवरून घसरत खाली बसली. भावजयीने दोर हलवून वरच्यांना खूण केली. वर ओढून काढल्यावर पोशाख कापावा लागला. अंग तव्यासारखं तापलं होतं. बायकांनी पाण्याच्या बादल्या ओतल्या, पंखा लावला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ओले फडके फिरवत राहिल्या. पट्टा दंडावर गपगार होता. भावजयीने तो सोडून मुठीत धरला.

ॲम्ब्युलन्स गेली आणि ती तशीच, गाळाच्या बुटांनी, सुपरवायझरच्या खोलीत शिरली. इंजिनिअरही तिथेच होता. समोरच्या पडद्यावर नणंदेच्या पट्ट्याचा नंबर लाल झालेला. सुपरवायझर म्हणाला, इशारा आला होता, पण हे पट्टे ऊठसूट बोंबलतात. जरा वेळाने बघणारच होतो.

"मग हा दंडावर का वाजला नाही?"

तशी सोयच नाही, असं तो म्हणाला. तिने इंजिनिअरकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "सोय आहे. आम्हाला बंद करायला लावली. कामगार आपल्या मनाने बाहेर येतील आणि काम रखडेल, असं वरून सांगितलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अंग आमचं जळतंय," ती म्हणाली, "आणि ते आमच्यापासूनच लपवता?"

दुसऱ्या दिवशी तिने पोशाखाला हात लावला नाही. तिचं बघून एकीनेही लावला नाही. मॅनेजरने आधी दमदाटी केली, मग गोडीगुलाबी. तिचं एकच पालुपद, आधी वाजवून दाखवा. दुपारी इंजिनिअरने पट्टे वाजते केले. सुपरवायझरची बदली झाली. वरून कोणी सांगितलं होतं, ते मात्र कोणी बोलेना.

संध्याकाळी तिने हॉस्पिटलात हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. नणंदेच्या मूत्रपिंडांना मार बसला होता. उष्णतेचं काम आता बंद, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मला आधीच गरगरत होतं," नणंद म्हणाली. "पण बोलले असते, तर तू कामचुकार म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," भावजय म्हणाली. तिला खोटं बोलवेना.

"तो वरचा कोण, ते शोधून काढ. मला त्याच्यासमोर उभं राहायचंय. आणि तू सोबत हवीस. तुला भांडता येतं."

नणंद चालायला लागेपर्यंत भावजयीने इंजिनिअरकडून त्या वरच्या साहेबाचं नाव काढून घेतलं होतं. मग दोघी मोठ्या ऑफिसात गेल्या. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं सांगण्यात आलं. दोघी दाराशीच खुर्च्या ओढून बसल्या. शिपायाने पुढच्या आठवड्यात या म्हणून सुचवलं, तेव्हा नणंदेने पायातल्या चपला काढल्या आणि मांडी घातली.

"होऊ दे त्यांची मीटिंग," भावजय म्हणाली. "आम्हाला घाई नाही."