हात असलेली खुर्ची

मंदीत हिशेबनिसाला काढलं आणि त्याची हात असलेली खुर्ची माझ्याऐवजी सेल्सवाल्याला मिळाली. माझा नुसता जळफळाट झाला. पंधरा वर्षं डुगडुगत्या खुर्चीवर पाठ मोडली मी आणि हा आयत्या बिळावर नागोबा!

बायको म्हणाली, "अहो, नोकरी टिकली ना? खुर्चीचं काय घेऊन बसलात?"

तिला काय कळतंय!

सोमवारी सेल्सवाल्यालाही नारळ मिळाला. त्याचा डबा पिशवीत जायच्या आत मी खुर्ची ओढली.

"घ्या दादा, पाठीला बरी आहे," तो म्हणाला.

जेमतेम टेकलो, तोच रिसेप्शनिस्ट खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत म्हणाली, "तुमच्यानंतर ही माझी हं. साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत कळ काढ."