खाली डावीकडचे दोन बाण

ते दोन बाण तुम्ही काढून टाकायला लावलेत, साहेब. लाल पेन्सिलीने त्यांच्यावर फुली मारलीत, शेजारी ‘काढा’ लिहिलंत, आणि सहा महिन्यांनी त्याच टेबलाशी बसून वामनरावांना विचारलंत, ‘‘दिशा का नाही दाखवली?’’ मी तिथेच उभा होतो. प्रिंट काढणारा माणूस समोर उभा असला तरी तुम्हाला दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

वामनराव म्हणाले, ‘‘दाखवली होती.’’

‘‘कुठाय?’’ तुम्ही ड्रॉइंग त्यांच्यापुढे सरकवलंत. ‘‘मला दाखवा ना. माझेच डोळे गेलेत बहुतेक.’’

शेजारी बसलेला निशांत हसला. तुम्ही विनोद केला की हसायचं, एवढं तो इंजिनीअरिंगच्या पदवीबरोबर शिकून आला होता.

महाप्याच्या त्या ऑफिसात वामनराव चोवीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. दिघ्याहून सायकलने यायचे, टेबल पुसायचे, ट्रेसिंग लावायचे, आणि पहिली रेघ ओढण्याआधी खाली डाव्या कोपऱ्यात शून्याचा ठिपका द्यायचे. त्यातून एक बाण उजवीकडे, एक वर. एक्स आणि वाय. मी अमोनियाच्या मशिनवर प्रिंट काढल्या की साइटच्या प्रती ते मागून घ्यायचे आणि बाणांच्या टोकांशी पेन्सिलीने मराठीत लिहायचे, तिथे उभं राहिल्यावर जे दिसतं ते. कुठे ‘हायवे’, कुठे ‘देऊळ’. जासईच्या कंटेनर यार्डाचं काम आलं तेव्हा उजवीकडे ‘खाडी’ आणि वर ‘डोंगर’. जासईची अकरा ड्रॉइंगं अशी गेली. अकरांपैकी एकाचीही वीट चुकीच्या जागी बसली नाही. पण न झालेल्या चुकीची नोंद तुमच्या कुठल्या रजिस्टरात असते?

पंच्याण्णव साली कॉम्प्युटर आला. चोवीस वर्षं काम केलेल्या माणसाला तुम्ही बावीस वर्षांच्या निशांतच्या हाताखाली बसवलंत. वामनराव बसले. कुरकुर नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक्स-वायचे दोन बाण दिसले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मला हाक मारून दाखवलं त्यांनी. ‘‘नामा, बघ. ह्यालाही शून्य कळतंय.’’

म्हणून पहिल्या ड्रॉइंगवर त्यांनी स्वतःचे बाण काढले नाहीत. समोर दिसत होते, ते कागदावर येणारच, असं त्यांनी धरलं. प्लॉटरने कागद बाहेर टाकला. कोपरा कोरा. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. सगळं ऑफिस खिदळलं.

निशांत म्हणाला, ‘‘काका, ते स्क्रीनपुरतंच असतं. प्लॉटमध्ये नाही येत. ड्रॉइंग करणाऱ्याला कळावं म्हणून असतं ते.’’

‘‘आपल्याला कळून काय उपयोग रे? पाया आपण खणतो का?’’

निशांत पुन्हा स्क्रीनकडे वळला. तुम्हाला तर हे कुणी विचारलंच नाही. त्या दिवसापासून वामनराव प्रत्येक ड्रॉइंगमध्ये दोन बाण साध्या रेघांनी स्वतः काढू लागले, म्हणजे कागदावर उतरावेत.

मग जासईचं बारावं ड्रॉइंग आलं. पंपहाउस. चारी बाजू सारख्या, आणि एका बाजूला पाणी बाहेर सोडायचं गटार, तोंड खाडीकडे. तपासायची प्रिंट मीच तुमच्या टेबलावर ठेवली होती. बाणांवर लाल फुली मारत तुम्ही म्हणालात,

‘‘वामनराव, हे काय बालवाडीचं? दिल्लीचा कन्सल्टंट बघणार हे. शीट क्लीन पाहिजे.’’

‘‘साइटवर लागतं, साहेब.’’

‘‘साइटवर डोकं लागतं. एक्स-वाय शाळेच्या ग्राफपेपरवर शोभतं.’’

‘‘मी नाही खोडणार ते.’’ एवढंच बोलून ते जागेवर गेले. आवाजसुद्धा चढवला नाही.

तुम्ही निशांतला सांगितलंत. त्याने एक बटण दाबलं आणि बाण गेले. मग नावं आणि सह्यांची तुमची नवी चौकट शीटवर मावेना, तेव्हा त्याने अख्खं पंपहाउस डावीकडे नव्वद अंशांत फिरवलं. उजवीकडची खाडी वर गेली. ड्रॉइंग सुबक दिसत होतं, यात वाद नाही. आणि मला हुकूम मिळाला की साइटच्या प्रती वामनरावांकडे न जाता थेट गाडीत जातील, पेन्सिलीची अक्षरं दिसली तर प्रिंट फाडून टाकायची. मी तो हुकूम पाळला. माझा वाटा मी नाकारत नाही. तुमचा तुम्ही बघा.

भैरू मुकादमाने पाया खणला, भिंती उभ्या केल्या, गटार ओतलं. चौकोनी इमारत कशीही फिरवली तरी चौकोनीच दिसते, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. पंप बसवायची वेळ आली तेव्हा दिल्लीचा तो कन्सल्टंट आला, गटाराच्या तोंडाशी उभा राहिला आणि समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाला, ‘‘पानी पहाड़ पे चढ़ाओगे क्या?’’

तुमची मान खाली गेली. ती वर काढायला एक माणूस हवा होता.

म्हणून ती चौकशी. भैरूला जासईहून बोलावून घेतलंत, पण खुर्ची दिली नाहीत.

‘‘काय रे, दिशा समजत नाही तर विचारायचं नाही?’’

‘‘समजती की सायेब,’’ भैरू म्हणाला. मूळचा साताऱ्याकडचा, घाबरणारा नव्हे. ‘‘वामनरावांच्या कागदावर खाली डाव्या अंगाला दोन बाण असत्यात. ह्या कागदावर नव्हतं. आदीचं अकरा कागद वर डोंगर, मग बाराव्याला म्या खाडी कुठनं वर आनू?’’

‘‘म्हणजे बाण नव्हते. ऐकलंत, वामनराव?’’

तेव्हा मी पुढे झालो. तुमच्या लाल फुलीची प्रिंट मी टाकून दिली नव्हती. ती टेबलावर पसरली. निशांत पंख्याकडे बघू लागला.

तुम्ही ती घडी घालून माझ्या अंगावर फेकलीत. ‘‘ह्याला रेकॉर्ड म्हणत नाहीत. रेकॉर्ड म्हणजे फाइल. निशांत, फाइल उघड. आहेत बाण?’’

‘‘नाहीत सर.’’

‘‘विषय संपला.’’

वामनराव तेव्हा पहिल्यांदा हसले. त्यांनी आपलं जुनं ब्लेड खिशातून काढून टेबलावर ठेवलं, ट्रेसिंगवरची शाई खरवडायचं. ‘‘साहेब, आम्ही रेघ खोडली की कागदावर ओरखडा राहायचा. उजेडासमोर धरला की कुणालाही दिसायचा. काय होतं, कुठे होतं, सगळं कळायचं. तुमच्या फाइलीत ओरखडाच राहत नाही. सोय चांगली आहे.’’

तुम्ही टाइप केलेलं पत्र पुढे केलंत. ‘दिशा दाखवण्यात माझ्याकडून चूक झाली, मान्य आहे.’ सही केली तर उरलेली तीन वर्षं नोकरी, नाही केली तर उद्यापासून यायचं नाही. वामनरावांनी पत्र दोनदा वाचलं. मग ते उलटं केलं, कोऱ्या बाजूवर खाली डावीकडे शून्याचा ठिपका दिला. एक बाण उजवीकडे, एक वर. पट्टी नव्हती, तरी रेघ सरळ आली. टोकांशी ‘खाडी’ आणि ‘डोंगर’ लिहिलं. सही केली नाही. ब्लेड खिशात घातलं आणि खाली जाऊन सायकलचं कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आठवड्याने त्यांचं टेबल भंगारात गेलं.

ती प्रिंट माझ्याकडे आहे, साहेब. अमोनियाची प्रिंट उजेडाने विटते. पंपहाउस आता पुसट झालंय, वामनरावांचे बाणही जाता जाता राहिलेत. तुमची लाल फुली आणि ‘काढा’ मात्र परवा काढल्यासारखी दिसते. साइटवर गेलेल्या ड्रॉइंगच्या चौकटीत तीन जागा होत्या. ड्रॉइंग काढलं कुणी, तिथे वामनरावांचं नाव तुम्ही ठेवलंत. तपासलं कुणी आणि मंजूर केलं कुणी, त्या दोन्ही जागी सही कुणाची आहे? वाचून दाखवा.