चौदा नंबरचा शेवटचा कॉल

माझी बायको आर्डिस एकोणतीस वर्षं काउंटीच्या कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर बसली. आग, अपघात, चोरी, कुणाची गाय हायवेवर आली, सगळं पोलिसांच्या, बंबांच्या गाड्यांना तिच्या तोंडून कळायचं. आणि मलाही, कारण आमच्या फ्रिजवर स्कॅनर असे, म्हणजे वायरलेसवरचं बोलणं नुसतं ऐकवणारा रेडिओ; त्यावरून उलट बोलता येत नाही. विस्कॉन्सिनात याचं कुणाला नवल नाही. अर्ध्या गावाच्या फ्रिजवर स्कॅनर असतो आणि उरलेलं अर्धं गाव तिथे कॉफीला येतं. लोक बातम्यांसाठी ऐकायचे, मी बायकोसाठी. "वेळ चौदा-वीस" एवढं ती कशी म्हणते, त्यावरून मला कळायचं की दिवस बरा गेलाय की आज घरी आल्यावर तासभर तिच्या वाटेला जायचं नाही.

वायरलेसवर खासगी बोलायला सक्त मनाई, आणि बाई नियमाला पक्की. एकोणतीस वर्षांत तिनं वायरलेसवर माझं नाव एकदाही घेतलं नाही. एकदा माझाच दुधाचा टँकर चरात कलंडला, तेव्हासुद्धा म्हणाली, "चालक पुरुष, वय अंदाजे पन्नास." अंदाजे! मी तेव्हा सेहेचाळीसचा होतो.

या मार्चमध्ये काउंटीनं वायरलेसची नवी, ट्रंकिंग नावाची यंत्रणा आणली आणि माझा जुना स्कॅनर मुका झाला. आर्डिस म्हणाली, नवा घे आणि डेलमारकडून बसवून घे. डेलमार आमचा शेजारी, रेडिओ क्लबातला उंटावरचा शहाणा. त्याच्या पाया पडण्यापेक्षा मुका स्कॅनर बरा, असं म्हणून मी आठ महिने हट्टानं काढले.

नोव्हेंबरात आर्डिसनं सांगितलं, शुक्रवारी तीनला तिची शेवटची ड्यूटी संपणार. आमच्याकडे रीत अशी की निवृत्त होणाऱ्याचा शेवटचा कॉल सगळ्या गाड्यांना ऐकवतात. साहेब नोकरीची वर्षं वाचतात, मग माणूस आपला नंबर शेवटचा उच्चारतो; आर्डिसचा चौदा. कंट्रोल रूममध्ये बाहेरच्याला प्रवेश नाही, नवऱ्यालाही नाही. ती एवढंच म्हणाली, "ऐकशील ना?" इतक्या वर्षांत तिनं असं काही मागितलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी नवा स्कॅनर आणला. जुन्या सवयीनं यंत्रणेच्या नऊच्या नऊ फ्रिक्वेन्सी त्यात भरल्या आणि लावला. तर, "संशयित लाल जॅकेटमधला... शाळेच्या बसमध्ये ओकलाय... मीठ टाकून रस्ता मोकळा करा." कुणाचं धड कुणाचं मुंडकं, काही पत्ता नाही.

गुरुवारी सकाळी गेलो डेलमारकडे. हवा कशी, बहिणीचा गुडघा कसा, सगळं विचारून झालं. शेवटी तोच म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? आण तो स्कॅनर."

त्यानं समजावलं ते असं, की आता फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नाही. बटण दाबलं की जी रिकामी असेल ती मिळते, पुढच्या वाक्याला दुसरी. एक कंट्रोल चॅनल मात्र सतत सांगत असतो, पोलीस, बंब, बसवाले यांतला कुठला गट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर गेला. चर्चच्या जेवणात दारात उभी असलेली बाई सांगते ना, तुमची माणसं कुठल्या टेबलावर बसलीत, तसं. "तू त्या बाईला विचारायचं सोडून सगळ्या टेबलांखाली कान लावत फिरतोयस," डेलमार म्हणाला. त्यानं तो चॅनल दिला, आर्डिसच्या गटाचा एकच नंबर घातला, आणि तिचा आवाज आला. आठ महिन्यांनी. मी उगीच खिडकीबाहेर बघत राहिलो. डेलमारही, देव त्याचं भलं करो, बुटाची नाडी बांधायला वाकला. निघताना म्हणाला, "आता याला हात लावू नकोस."

पण मी हावरट. विद्या हाती आली म्हटल्यावर गप्प बसवेना. दुपारी घरी बसून बंब, ॲम्ब्युलन्स, रस्तेवाले, बसवाले, बागा, कचरा डेपो, असे त्रेचाळीस गट भरले. अति तिथे माती, हे काय मला कुणी सांगायला हवं होतं?

शुक्रवारी पावणेतीनला धुतलेला शर्ट घालून बसलो. ठीक तीनला साहेबांचा आवाज आला, "सर्व गाड्यांनी लक्ष द्यावं." साहेबांनी श्वास घ्यायला क्षणभर उसंत घेतली, आणि बोलणं थांबलेलं बघून स्कॅनर तेवढ्यात पुढच्या गटावर सरकला. तिथे रस्तेवाले दोघं. गाडीखाली हरण मेलंय, शिंगं कोण नेणार यावर त्यांची चर्चा. मी घाईत बटण दाबलं, तर ते नेमकं आहे तिथेच थांबवून धरायचं. आता फक्त हरण. त्या दोघांच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला.

सुटका झाली तेव्हा साहेबही नव्हते आणि आर्डिसही नव्हती. कुणी भलताच बोलत होता. "सहा नंबर बंब. मेसेज मिळाला, वर्लिनच्या वतीनं." मग, "ॲम्ब्युलन्स दोन. मेसेज मिळाला, वर्लिनच्या वतीनं." वर्लिन म्हणजे मी. अकरा गाड्या एकामागून एक माझं नाव घेत होत्या, आणि मला काय मिळालं ते मलाच माहीत नव्हतं. मग डेलमारचा फोन. रडत होता. "ऐकलंस ना?" म्हणाला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चारला आर्डिस आली, हातात उरलेला केक. केक टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "हो, ऐकलं" जिभेवर तयार होतं, पण तिच्या तोंडावर खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. त्रेचाळीस गट, हरण, शिंगं.

ती कोटासकट खुर्चीत बसली आणि हसायला लागली. डोळे पुसले, पुन्हा हसली, आणि मग ते नुसतं हसणं राहिलं नाही. "जन्मात एकदा नियम मोडला," ती म्हणाली, "तेही तू हरणापायी घालवलंस. मी तुला हाक मारली रे. तुझं उत्तर येणार नाही हे ठाऊक होतं. मग सहा नंबरवाल्यानं तुझ्या वतीनं दिलं, मग सगळ्यांनीच."

"काय म्हणालीस?"

तिनं पाठ ताठ केली. कंट्रोल रूममधला तो आवाज, आमच्या स्वयंपाकघरात, समोरासमोर.

"चौदा नंबर, वर्लिनला. माझी ड्यूटी संपली. एकोणतीस वर्षं तू ऐकलंस. आता तू बोल, मी ऐकते."

आणि थांबली. उत्तराची वाट बघत थांबायची तिला सवयच आहे. मी आयुष्यभर टँकरमध्ये एकटा बसलेला माणूस, मला कुठलं बोलता येतंय? घसा दोनदा खाकरला.

"मार्चपासून दिवसभर तुझा आवाज नव्हता घरात," मी म्हणालो. "मला करमत नव्हतं गं."

"मेसेज मिळाला," आर्डिस म्हणाली, आणि मग तिनं कोट काढला.