हळूबाईची बॅट

मी एक जुनी बॅट आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्याबरोबर चेहरे पाडू नका. मला कुणाची कीव नको आहे. आणि क्रिकेटची बॅटही समजू नका, त्या जाड्या बाईशी माझं काहीही नातं नाही. मी पिकलबॉलची बॅट. नियमांच्या पुस्तकात मला पॅडल म्हणतात, पण आमच्या घरात तसं कुणी म्हटलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी बारीक खणांची जाळी आहे. तिच्या दोन्ही अंगांना कार्बनच्या धाग्यांचं कडक कापड चिकटवलं आणि मला गरम यंत्रात दाबून धरलं. तिथे मी काय सोसलं ते सांगत बसत नाही. शेवटी एका तपासनीस बाईंनी बोटाच्या पेराने माझ्या अंगावर टकटक केलं, सगळीकडून सारखाच आवाज आला, आणि त्यांनी मला डब्यात घातलं. त्याच डब्यात माझी जुळी बहीण होती.

आम्हा दोघींना एका पडदेवाल्यांच्या घराने विकत घेतलं. पुढे दुकान, मागच्या खोलीत शिवणयंत्रं, वरच्या मजल्यावर घर. घरातल्या सासूबाईंचे गुडघे धरले होते. डॉक्टरांनी हालचाल करायला सांगितली, म्हणून जवळच्या सभागृहात निवृत्त मंडळी हा खेळ खेळत, तिकडे त्या निघाल्या. एकट्या जायला त्यांना लाज वाटत होती. मग त्यांनी सुनेला सोबत ओढलं. माझी बहीण सासूबाईंच्या हाती गेली आणि मी सुनेच्या.

त्या हाताने मला पहिल्यांदा धरलं तेव्हाच मी ओळखलं की हा हात नवखा नाही. लहानपणी ती टेबल टेनिस खेळायची. निवड समितीने एका ओळीत तिचा निकाल लावला होता, हातात जोर नाही. पुढे लग्न झालं आणि तो हात पडदे शिवू लागला. त्या समितीतल्या कुणी कधी रेशमी पडद्याला काठ शिवून पाहिला असता, तर असं बोलायची हिंमत झाली नसती. सरकणारं कापड ढकललं की चुण्या पडतात. त्यावर नुसता हात ठेवायचा आणि ते जाईल तसं जाऊ द्यायचं. हे तिला येत होतं, आणि आमच्या खेळात नेमकं हेच लागतं.

आमचा चेंडू प्लॅस्टिकचा, भोकाभोकांचा. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा आखलेला असतो. त्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, आधी टप्पा पडू द्यायचा. या पट्ट्याला किचन म्हणतात. हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, घरातलं सोडून आले तर इथेही तेच का. सभागृहातल्या मंडळींत कुणाची कंबर गेलेली, कुणाचा खांदा. पळणं कुणालाच जमत नव्हतं, म्हणून ते चेंडू अलगद त्या पट्ट्यात टाकायचे. तो इतका खाली राहायचा की समोरच्याला वाकून तो वरच उचलावा लागायचा. सुरुवातीला सून जोरात मारायला बघायची, तेव्हा पलीकडून सासूबाई ओरडायच्या, "अगं, मारामारी कशाला करतेस? ठेव ना माझ्या पायाशी. मग बघ माझी कशी फजिती होते ते."

मित्रांनो, हाच तिचा खेळ झाला. ती चेंडू ठेवायला शिकली. समोरचा कितीही जोरात मारो, ती मला सैल धरायची, माझ्या अंगावर तो सगळा जोर विरायचा आणि चेंडू जाळीपलीकडे टुपकन पडायचा. एखादा पॉइंट गेला तर ती मला उलटी करून डाव्या तळव्यावर पुसायची. तेवढ्यात त्या पॉइंटचं सुतक संपायचं. मी अनेक हात पाहिले आहेत, पॉइंट गेला की बॅट जमिनीवर आपटणारे. त्यांच्याविषयी मी बोलले तर शिव्याच तोंडात येतील.

स्पर्धा जिंकायला लागल्यावर तरण्या खेळाडूंनी नाकं मुरडली. हिला मारता येत नाही म्हणून ही समोरच्याला झोपवते, असं म्हणायचे. तिचं नाव त्यांनी हळूबाई पाडलं. तिने काय करावं? घरी येऊन यंत्रावर बसली आणि तेच नाव मोठ्या लाल अक्षरांत आपल्या खेळायच्या शर्टच्या पाठीवर शिवलं. पुढच्या स्पर्धेत ते सगळ्यांना वाचावं लागलं. मी तेव्हा इतकी खूश होते की माझ्या मुठीचा घामसुद्धा मला गोड लागला.

मग पिकलबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाची निवड चाचणी आली. संघात एकच जागा उरली होती. ती मिळाली तर खेळ हाच तिचा व्यवसाय होणार होता. नाही मिळाली तर पुन्हा दुपारची शिवण आणि उरलेल्या वेळात खेळ. वयाचा विचार करता पुढच्या वर्षी तिला कुणी बोलावणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. त्या जागेसाठी दुसरी होती एक उंच मुलगी, टेनिस सोडून आलेली. तिचा फटका आला की लोक मान मागे घ्यायचे. दोघींना संघातला एकेक जोडीदार दिला आणि समोरासमोर उभं केलं. जिचा सामना, तिची जागा. प्रशिक्षकांनी आधीच ऐकवून ठेवलं होतं की तिकीट काढून आलेले लोक टुकटुक बघायला येत नाहीत. ती एवढंच म्हणाली होती, "मला मारता येत नाही असं नाही, सर. मला मारायचं नाही."

सामना बरोबरीत चालला होता आणि मधेच मला काहीतरी झालं. तिने नुसता अडवलेला चेंडू माझ्यावरून गोळीसारखा सुटला आणि उंच मुलीच्या कानाजवळून गेला. पुन्हा तसंच. मग पुन्हा. लोक टाळ्या वाजवू लागले. दिवसभर हाताची घडी घालून बसलेले प्रशिक्षक उठून उभे राहिले. ती मात्र गोंधळली. तिने पेराने माझ्या अंगावर टकटक केलं आणि एका जागी बद्द आवाज आला. इतक्या वर्षांच्या माराने माझं वरचं कापड आतल्या जाळीपासून सुटलं होतं. अशी बॅट चेंडू नियमापेक्षा जोरात फेकते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून कित्येक जण तोंड मिटून अशाच बॅटने खेळत राहतात.

मला अजून खेळायचं होतं, हे मी लपवत नाही. त्यात माझा काही गुन्हा नव्हता. मी झिजले होते, आणि झिजणं हा काही गुन्हा नाही.

ती सरळ पंचांकडे गेली. "बॅट आतून सुटलीय," ती म्हणाली. "बदलते." पंचांनी मला वाजवून पाहिलं, मान डोलावली आणि झालेले पॉइंट तसेच राहतील असं सांगितलं. प्रशिक्षक तरातरा कडेला आले. आवाज खाली ठेवून पण दात आवळून म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आत्ता कुठे तुझ्या हातात जोर आलाय. कुणी विचारलं होतं का तुला?"

"हा जोर माझा नाही, सर," ती म्हणाली. "याच्यावर मला घेतलंत, तर उद्या चांगली बॅट हातात आल्यावर तुम्हाला काय दाखवू? मी आहे तशी बघा. नको असेन तर नको म्हणा."

प्रशिक्षकांनी संघाची नवी कोरी बॅट पुढे केली. तिने ती घेतली नाही. प्रेक्षकांत बसलेल्या सासूबाईंकडे तिने हात केला. सासूबाई कठड्याला धरून धरून पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी माझी बहीण तिच्या हातात दिली. मग डोळे वटारून प्रशिक्षकांकडे बघत उभ्या राहिल्या. मला त्यांनी काखेत धरलं. तिथूनच मी पुढचा सामना पाहिला.

आता जोर नव्हता. तिने चेंडू ठेवला, उंच मुलीने उचलला, तिने पुन्हा ठेवला. मागून कुणीतरी मोठ्याने जांभई दिली. ती ठेवतच राहिली. सासूबाईंची काख घामाने भिजली होती. माझ्या बहिणीचा मला हेवा वाटला आणि अभिमानही वाटला. उंच मुलीचा धीर हळूहळू सुटत गेला. खाली राहिलेला चेंडू ती जोराने उडवायला गेली की तो जाळीत अडकायचा. शेवटच्या पॉइंटला तिने सगळं बळ एकवटून मारलं. आमच्या बाईने बॅट नुसती पुढे धरली. चेंडू पलीकडे पडला, जेमतेम उसळला आणि मेला.

जागा तिला मिळाली. प्रशिक्षक अजूनही कुरकुर करतात, पण करारावर सही त्यांनीच केली आहे.

चाचणीच्याच दिवशी संध्याकाळी एक खेळाडू दुकानात आला. पडदे बघायचं निमित्त केलं आणि मग हळूच माझी चौकशी केली. तुम्हाला आता तिचा उपयोग नाही, मला देऊन टाका, म्हणाला. सुटलेल्या बॅटला कशासाठी मागणी असते, ते आमच्या बाईला पुरतं ठाऊक होतं. त्याला तिने बाहेरची वाट दाखवली. मग पडद्यांचे दांडे बसवायचं ड्रिल काढलं, मला टेबलावर आडवं ठेवलं आणि थोडा वेळ माझ्यावर तळवा ठेवून उभी राहिली. आणि माझ्या मधोमध आरपार भोक पाडलं. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. आता मी दुकानातल्या खिळ्याला त्याच भोकाने अडकवलेली असते. कुणाचीही हिंमत नाही मला उचलून सामना खेळायची.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते, पण कपाटात ठेवून जपू नका. आम्हाला वापरा, घासू द्या, थकू द्या. मात्र आम्ही थकलो की आमच्याकडून खोटं काम करून घेऊ नका. दुकानात येणारे लोक मला बघून हळहळतात, चांगल्या बॅटचं कुणी वाटोळं केलं म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना काय माहीत, इतकं मला आजवर कुणी जपलं नव्हतं.