दादाचं ‘हं’

आधीच सांगते, मला कोणी बिचारी म्हणायचं नाही. जे झालं ते माझ्या हट्टापायी झालं.

आमचं दुकान म्हणजे एक खोली आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. बसायला बाकडंसुद्धा नाही. पिझ्झा घ्या आणि घरी जाऊन खा. दादा तरुणपणी जहाजावर होता. तिथल्या ग्रीक खानसाम्याच्या हाताखाली सात वर्षं राबला आणि हा पिझ्झा शिकून आला. खोलगट थाळ्यांना सढळ हाताने ऑलिव्हचं तेल, त्या तेलातच फुगलेलं पीठ, वर टोमॅटोचा सॉस, खारवलेलं फेटा चीज, काळे ऑलिव्ह, लिंबाची किसलेली साल आणि ओरेगानो. थाळा भट्टीतून निघाला की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत यायची.

खानसाम्याने आणखी एक गोष्ट शिकवली होती. गॅसचा वास येतोय का ते बघितल्याशिवाय काडी ओढायची नाही. सकाळी शटर दादाच उघडणार, दारात डोळे मिटून उभा राहणार, दोनदा खोल श्वास घेणार आणि म्हणणार, “हं.” मगच वहिनी आत जाऊन भट्टी पेटवणार. पंचवीस वर्षं असंच. वहिनी म्हणायची, “सासूबाई गेल्या, पण ह्याच्या नाकाचा सासुरवास काही सुटला नाही!”

मी नवऱ्याला सोडून दोन पिशव्या घेऊन आले, त्यालाही आता सात वर्षं होतील. दुकानावरचा पोटमाळा मला मिळाला. वहिनी चांगली होती, पण तिचे गुडघे गेले होते. तिला लेकीकडे, दुसऱ्या गावी जाऊन राहायचं होतं. “ज्या दिवशी ह्याच्या हातची चव जाईल त्या दिवशी कुलूप,” असं ती उघड बोलायची. कुलूप लागलं की मी कुठे जाणार, हे कोणी बोलत नव्हतं. मी मात्र रोज तोच विचार करायचे.

थंडीत दादाला ताप आला. उठला तेव्हा चेहरा पार उतरला होता. मग एक दिवस त्याने फेटा चीज मीठ उतरवायला पाण्यात न भिजवताच वापरलं. मी एक घास घेतला आणि थुंकले.

“अरे, नुसतं मीठ आहे हे! चाखलंस की नाही?”

दादा पिठाच्या पोत्यावर बसला. “चाखलं. मला काही कळत नाही गं. चव नाही, वास नाही. तीन आठवडे झाले. आज हिला सांगून टाकतो.”

“तोंडातून ब्र काढायचा नाही!” मी अंगावरच गेले त्याच्या. “येईल परत. तोवर मी चाखते.”

“बायकोपासून लपवायचं?”

“लपवायचं काय डोंबल? न सांगितल्याने कोणाचं काय बिघडतंय?”

हे माझे शब्द. माझेच.

मग आमचं नाटक सुरू झालं. वहिनीची पाठ वळली की मी सॉस चाखायचे. कानाला हात लावला की मीठ पुरे, खोकले की लिंबू हवं. पलीकडचे निवृत्त पोस्टमन तर म्हणाले, “हल्ली चव आणखी खुललीय!” मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. जिभेची सोय केली होती ना मी! आणि खाली रोज सकाळी दादा दारात उभा राहून “हं” म्हणत होता. वर केस विंचरताना मला ते ऐकू यायचं. तीन महिने रोज ऐकलं, आणि एकदाही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

त्या मंगळवारी वहिनीला सर्दी होती. शटर वर गेलं. “माझं नाक चोंदलंय,” ती म्हणाली, “नीट बघ रे बाबा.”

दादा थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला. मग म्हणाला, “हं.”

मी जिना उतरत होते. खालच्या तीन पायऱ्यांवर गॅसचा भपका नाकात गेला. मी “वहिनी!” म्हणून किंचाळले, तोवर काडी ओढली गेली होती.

ती दोन दिवस जगली. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात शुद्धीवर आली. चेहऱ्यावर पट्ट्या, आवाज कसाबसा.

“ह्याचं नाक कसं चुकलं गं?”

खाटेच्या पायथ्याशी दादा उभा होता. दोन्ही हातांना बँडेज, तिला ओढताना भाजलेले. त्याने तोंड उघडलं. तो सांगणार होता. मी त्याच्या आधी बोलले.

“वहिनी, त्या गॅसला वासच नव्हता. मलासुद्धा आला नाही.”

“तरीच,” ती म्हणाली. “मग त्याला कोणी बोल लावायचा नाही. ऐकलंस? तू सांभाळ त्याला.”

दादाने बँडेजचा हात उचलून कानाला लावला. पुरे. मी मान खाली घातली.

संध्याकाळी ती गेली.

नंतर मी दादाला विचारलं, “तुला ठाऊक होतं ना, वास येत नाही ते? मग हं का म्हणालास?”

“नाही म्हणालो असतो, तर तिने का म्हणून विचारलं असतं,” तो म्हणाला. “तू सांगू नको म्हणाली होतीस.”

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

लेक त्याला न्यायला आली होती, तो गेला नाही. दुकान बंद आहे. सकाळी तो काळं पडलेलं शटर वर करतो, दारात उभा राहतो, दोनदा श्वास घेतो आणि मागे वळून माझ्याकडे बघतो. मग मी पुढे होते, वास घेते आणि म्हणते, “हं.” पेटवायला आत कोणी जात नाही.

पोटमाळा माझ्याकडेच आहे.