निकाली निघालेली तक्रार

"आलो, ताई, आलो! बाईसाहेबांचा घसा मोकळा करायला हजर आहे," म्हणत तंत्रज्ञ काका शाळेच्या दारातच गुडघ्यावर बसले. माझ्या लेकीने टॅब पुढे केला. सात वर्षांची आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तिच्यासाठी बोलतो.

वर्गात गोंगाट होतो म्हणून जिल्हा शिक्षण कार्यालयाचा नेटवर्क विभाग सगळ्या शाळांच्या टॅबचा आवाज रोज पहाटे आपोआप बंद करायचा. टॅब वाटणारा विभाग त्याच मजल्यावर. पण एक टॅब आवाज बंद करायच्या यादीतून वगळायचा तर दोघांच्या सह्या हव्यात.

"हे म्हणतात त्यांना विचारा, ते म्हणतात यांना विचारा. मधे एकच भिंत, तीही प्लायवूडची!" काका हसायचे. म्हणून ते रोज घंटेआधी वाट वाकडी करून यायचे आणि आपल्या कार्यालयाच्या पासवर्डने आवाज सुरू करून द्यायचे.

धीर नव्हता तो मलाच. एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर? हिच्या पोटात दुखलं, तर ही सांगणार कशी? एका दुपारी मी दोन्ही विभागांना लांबलचक तक्रार लिहिली. 'तुमचा एक कर्मचारी रोज स्वतःचा पासवर्ड घालतो, तेव्हा कुठे माझी मुलगी बोलते,' हे वाक्य तर मला फारच जमलंय असं वाटलं होतं.

दोन्ही विभाग पहिल्यांदाच एकत्र बसले. आठवड्याभरात आवाज कायमचा सुरू झाला. आणि पासवर्ड नियमाबाहेर वापरला म्हणून काकांची बदली गोदामात झाली.

मी भेटायला गेले, तेव्हा ते मोडक्या टॅबवरचे मुलांच्या नावांचे कागद नखाने खरवडत होते.

"आवाज राहतो ना आता?"

"राहतो."

"मग झालं तर! सहा महिने मी अर्ज फिरवले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. कुणा पालकाने लिहिलं म्हणे. फक्कड लिहिलं असणार! त्यात माझी विकेट गेली, ते सोडा."

"काका, ते..."

"बोला की."

"काही नाही. इथे उकडत असेल तुम्हाला."

"छे हो, पंखा आहे ना," ते म्हणाले, आणि टेबलावरचा छोटा पंखा उचलून त्यांनी त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.