सोजरबाईची मुसळी

"ते नको उपटू! कोलकांदा हाय तो, हात सुजन!"

आई खालच्या उतारावरून ओरडली तशी मी पान सोडून दिलं. मला टेकडीवरचं सगळं गवत सारखंच दिसत होतं. ती धापा टाकत वर आली, माझ्या हातातली कुदळ घेतली आणि थोड्या अंतरावर उकिडवी बसली.

"नुसतं पान पाहून धावाचं नाई. फुलाचा दांडा पाहाचा. पांढरं फूल, चांदणीवानी. अन् पान मधातून असं दुमडेल. हे पाय."

झाडाभोवतीची माती हलकेच मोकळी करून तिने मुळांचा झुबका अलगद वर घेतला. कंद तोडून टोपलीत टाकले आणि वरचं डोकं पुन्हा मातीत दडपलं.

"डोकं झाकून ठेवत जाय. नाई तं पुढच्या साली काय उकरशीन, गोटे?"

मी टोपलीत पाहिलं. फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखे ते फिकट कंद बघून मला शिसारी आली. सफेद मुसळी म्हणतात ती हीच. पावसाळा लागला की गावातल्या बाया हिची कोवळी पानं भाजीला खुडतात, आणि ती भाजी मलाही आवडते. पण बाजार मागतो तो कंद, आणि तो पुरुषांच्या कसल्या ताकदीसाठी मागतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

कामरगावच्या बाजारात आई पोतं अंथरून बसते. तिच्यापुढे येणारे बाप्ये आधी इकडेतिकडे बघतात, मग मुसळीकडे, मग आईकडे. "गुण येते ना, बाई?" असं विचारतात आणि मिशीत हसतात. पंचेचाळिशीच्या विधवेला हे विचारताना यांची जीभ कशी झडत नाही, देव जाणे. आई मान खाली घालून तागडी उचलते. मी एकदाच तिच्याबरोबर बसले होते. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

तिचं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे मंगरूळपीरकडचे रामराव. आमच्याच जातीतले, लांबचे सोयरे, जमीनजुमला भरपूर, साठी उलटून गेलेली. दोन्ही मुलं माझ्यापेक्षा मोठी, त्यांना पोरंबाळं. आईची जवळजवळ सगळी मुसळी तेच उचलत आणि सोजरबाईची मुसळी म्हणून चारचौघांत तिचं कौतुक करत. गेल्या साली त्यांची बायको वारली. आणि आता या रामरावांनी मला मागणी घातली होती. मी पंचवीस वर्षांची, सोडचिठ्ठी होऊन माहेरी आलेली. निरोप घेऊन आला तो माझा सख्खा मामा, रामकिसन. बहिणीच्या लेकीसाठी त्याला हेच स्थळ मिळालं.

"माय, तू मामाले काय सांगतलं?" मी विचारलं.

"काही नाई."

"हो म्हटलं का नाई म्हटलं?"

"काहीच नाई म्हटलं. धर ते कुदळ."

आईने कुणाला नाही म्हटल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. रोजाच्या कामावर मुकादमाने दिवस मावळल्यावर निंदणीची आणखी एक पात काढायला लावली तरी ती "हो बापा" म्हणे. गप्प राहणं हा तिचा होकारच असे. शिवाय रामरावांना दुखावलं तर मुसळी घेणार कोण? मी मुकाट्याने उकरत राहिले. दोनदा चुकून कोलकांदाच निघाला आणि मनगटापर्यंत खाज सुटली.

दुसऱ्या दिवशी रामराव येणार होते. सकाळी आईने ओल्या पोत्याखाली रचून ठेवलेली आधीची मुसळी उघडली. अशी झाकून ठेवली की साल सैल पडतं. पोतं निघाल्याबरोबर शिळ्या, आंबलेल्या भाताचा वास घरभर पसरला. आम्ही काचेच्या तुकड्यांनी सालं खरवडायला बसलो. आतला कंद बुळबुळीत, बोटांना चिकट तार सुटत होती. मला दोनदा ओकारी आली. आईचे हात मात्र भराभरा चालत होते.

रामराव दुपारी मोटारीतून उतरले. मागोमाग मुसळीसाठी रिकामी पिशवी घेऊन मामा. रामरावांच्या मिशीला ताजा कलप होता आणि त्याचा काळा डाग वरच्या ओठावर उतरला होता. बसल्याबरोबर त्यांनी बशीतला चहा भुरकला, मिशीला लागलेला चहा जिभेने पुसला आणि हात पुढे करून टोपलीतला एक सोललेला कंद उचलला. तो न धुता तोंडात टाकून माझ्याकडे बघत ते चघळत राहिले. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरा फेस आला. हा माणूस मला हात लावणार या विचाराने माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"पोरगी बोलत नाई वाट्टे," ते मामाला म्हणाले.

"लाजून राह्यली," मामा म्हणाला.

मी लाजत नव्हते. मला मळमळत होतं.

"आता तुमाले बाजारात बसाचं काम नाई, सोजरबाई," रामराव पाय पसरत म्हणाले. "घरचा माल घरातच राहीन. तुमी उकरत जा, पोरगी दुधात कढवून देत जाईन. घरच्या बाईच्या हातचं दूध मंजे त्याचा गुणच अलग असते!"

मामा खो खो हसला. आईचे हात थांबले.

"नाई," ती म्हणाली.

"काय नाई?"

"पोरगी देत नाई मी तुमाले."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून आधी कुणाला समजलंच नाही. मग मामा उसळला.

"बाई, तू काय बोलून राह्यली? समजते का तुले? पोरगी राणीवानी राहीन तिथं. नवऱ्यानं टाकेल पोरीले असं घर कोठी भेटते?"

"येवढं चांगलं हाय तं तुह्या पोरीले दे, रामकिसन."

मामाची पोरगी माझ्याहून लहान आहे. त्याचे कान लालबुंद झाले आणि तो जमिनीकडे बघू लागला. रामराव सावकाश उठले.

"बरं. हा माल आता कोन घेते, ते मी पायतो," ते म्हणाले. "बाजारात बसूनच दाखवा."

आई उठली. खाली पडलेली त्यांची रिकामी पिशवी तिने उचलली, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"हे राह्यली तुमची."

मोटार गेली. मामाही तिच्यातच बसून गेला, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला आईच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण ती उंबऱ्यावर अशी बसली होती की जवळ जायचं धाडस होईना.

"मले मुसळी कोनं दाखवली, मालूम हाय तुले?" तिने विचारलं.

"बाबांनी."

हे मला लहानपणापासून माहीत होतं. लग्न झाल्यावर बाबा तिला टेकडीवर घेऊन गेले आणि झाड ओळखायला शिकवलं. मला त्याचं कौतुक वाटायचं.

"मी तवा अठराची. तुहा बाप चाळिशीच्या पार. मले पान दाखवलं, फूल दाखवलं. मले वाटलं, किती जीव लावून शिकवून राह्यला हा मानूस. मंग कायले शिकवलं ते समजलं. मीच उकराची. मीच सोलाची. सांजच्याले मीच दुधात कढवाची अन् मीच नेऊन हातात द्याची. त्याचं पिऊन होईस्तोवर पुढं उभं राहाचं, रिकामं भांडं घ्याले. मी चुलीपाशी बसून देवाले म्हनो, आज तरी दूध नासू दे. येक डाव नाई नासलं, पोरी."

भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो होता. मला बाबांची कधी किळस येईल असं वाटलं नव्हतं. आली. मी मान फिरवली.

आईने टोपली उचलली, परसात गेली आणि सगळी सोललेली मुसळी उकिरड्यावर पालथी केली. पावसाळाभराची मेहनत होती ती, दिवाळीपर्यंतचं तेलमीठ होतं. मी तिला अडवलं नाही. शेजारच्या कोंबड्या पंख पसरून धावत आल्या. त्यांनी अधाशासारख्या चोची मारल्या. चिकट तार चोचीला लागली तशा त्या दचकल्या, मातीत चोची घासल्या आणि एकेक करून निघून गेल्या.

आई बघत होती. तिच्या तोंडातून हसू फुटलं, आणि ते बराच वेळ थांबेना.

मग ती घरात गेली. गावात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली होती, तिथे रोजाने बाया लागत होत्या. माळ्यावरचे दोन विळे काढून ती दारातल्या दगडाशी बसली आणि त्यातला एक घासता घासता दुसरा तिने माझ्याकडे सरकवला.